तुमचा तो हळू पंखा

हमीदमामा, तुम्ही जाऊन आज एकविसावा दिवस, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. गेलेल्या माणसाशी भांडू नये हे मला कळतं. पण आपलं भांडण नऊ वर्षांचं, आणि तुम्ही ते मधेच टाकून गेलात. सौदा अर्धवट ठेवून उठणारा माणूस मला तुमच्याआधी भेटला नव्हता.

तुमच्या मातीला मी आले होते. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. रेल्वेतली तुमच्या बरोबरीची माणसं खांदा बदलत पुढं गेली. मला रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं, आता त्या पंख्याचा जाब कुणाला विचारायचा?

दौंडच्या मंडईत मी पाटी घेऊन बसायची तेव्हापासूनची आपली ओळख. घोड धरणाचे मासे न्हावऱ्याहून पहिल्या एसटीनं आणायची. कंडक्टर म्हणायचा पाटी टपावर टाक, मी म्हणायची तूच टपावर बस. तुम्ही रेल्वेच्या डब्यांतले दिवे-पंखे सांभाळणारे फिटर, पाळी सुटली की खाकी कपड्यातच मंडईत यायचात. बाकीची गिऱ्हाइकं मासा दाबायची, काट्यावर संशय घ्यायची, भावासाठी तासभर डोकं खायची. तुम्ही नुसत्या बोटानं कल्ला उघडायचात. लाल दिसला की पिशवी पुढं, फिका दिसला की न बोलता पुढच्या पाटीकडं. जो भावच करत नाही त्याला धरायचं कुठं, हे मला कळायचं नाही. त्यामुळं पहिल्यापासून तुमचा मला जरा रागच होता.

एकदा मी कालचा रोहू आजच्या माशांखाली घातला होता. तुम्ही नेमका तोच वर काढला, कल्ला उघडला आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल असं म्हणालात, "सुमन, ह्येला कालच माती द्यायला पायजे हुती." शेजारच्या बायका पोट धरून हसल्या. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण कालचा मासा त्यानंतर पाटीत कधी ठेवला नाही, हेही तुम्हाला सांगितलं नाही.

पुढं पाटीची बोट झाली. कशी झाली ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्या डोळ्यांसमोरच झाली. पाबळच्या वेल्डरकडून लोखंडी पत्र्याची बोट बांधून घेतली, तिला जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन चावीवर सुरू होणारं. हँडल मारायची सोय नाही, दोरी ओढायची सोय नाही. म्हणजे बॅटरी मेली की बोट मेली. हे तुम्ही पहिल्याच दिवशी बोट बघून म्हणाला होता, आणि मी म्हणाले होते, "मामा, शुभ बोला की जरा."

माझा धंदा असा, की सकाळी दहाला धरणाच्या मधल्या उथळाशी जाऊन इंजिन बंद करायचं आणि थांबायचं. कोळी थर्मोकोलच्या तराफ्यांवर बसून एकेक करत मासे आणणार, मी पाण्यावरच भाव करून घेणार आणि बर्फाच्या पेटीत टाकणार. तीन-चार वाजेपर्यंत हेच. बोट चालत असली तर वारा लागतो. उभ्या बोटीत वर पत्रा, खाली पत्रा, आणि पाण्यावरून उलटं येणारं ऊन. पेटीतले मासे गार, आणि पेटीवर बसलेली मी भाजून निघायची.

अंग भाजलं तरी मला चाललं असतं. पण डोकं तापायचं, आणि तापलेल्या डोक्याचा सौदा समोरच्याच्या बाजूला पडतो. हे गेणू कोळ्यानं बरोबर हेरलं होतं. तो मुद्दाम दोन वाजेपर्यंत पाण्यातच रेंगाळायचा. दोनला येऊन कटल्याचा भाव असा काही सांगायचा, की माझ्या तोंडून शिवी निघायची. मग मलाच लाज वाटायची आणि त्याच्या भावाला मासा घ्यायची. रोज. तेव्हा मी ठरवलं, बोटीवर पंखा पाहिजे.

तुम्ही मला स्टेशनामागच्या भंगारवाल्याकडं घेऊन गेलात. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत तुमचा करंट मोजायचा मीटर होता. भंगारवाल्यानं बॅटरीवर चालणारे तीन पंखे काढले. एक कॉम्प्युटरमधला, चौकोनी, माझ्या पंजाएवढा. एक ट्रकच्या केबिनमधला, जाळीचा. आणि एक मोटारीच्या रेडिएटरचा. मी तिन्हींपुढं हात धरून बघितला. रेडिएटरच्या पंख्यानं भंगारवाल्याच्या डोक्यावरची टोपी उडवली.

"ह्यो," मी म्हणाले.

तुम्ही मीटर जोडला. काटा झपकन पलीकडच्या टोकाला गेला.

"सुमन, ह्यो बॅटरी खातो."

"खाऊ द्या. वारा तर देतो."

"अगं, तू मासा कशावर घेती? वजनावर का कल्ल्यावर?"

"कल्ल्यावर."

"मंग पंख्याचा कल्ला ह्यो हाय." तुम्ही मीटरच्या काचेवर बोट आपटलंत. "वारा म्हंजी नुस्तं वजन."

मला ते पटलं होतं, मामा. आज कबूल करते. पण तोपर्यंत मी त्या पंख्याचा भाव इतका खाली आणला होता, की आता न घेणं म्हणजे जिंकलेली गोष्ट परत करून येणं. भंगारवाला रडकुंडीला आला होता. अशा वेळी माघार घेणारी बाई मी नव्हे. घेतला. तुम्ही मीटर पिशवीत घातलात आणि चालू लागलात.

सात दिवस मी राणीसारखी बसले. आठव्या दिवशी, वैशाखातल्या दुपारी, नगरच्या अंगाला आभाळ काळं झालं. कोळी भराभर काठाला लागले. मी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. आमचे हे मागं बसले होते. त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काय न्हाई." तोवर वळवाचा वारा आला आणि बोट आडवी होऊन वाहायला लागली. ह्यांना पोहता येत नाही. जन्म धरणाच्या काठावर गेला, पण पाण्यात उतरले नाहीत. मी जाळ्याची दोरी त्यांच्या कमरेला बांधली, दुसरं टोक माझ्या कमरेला. पाणी आत येत होतं. ह्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आता तरी त्यो पंखा बंद कर की." वर तो पंखा अजून हळूहळू फिरत होता. बोट सुरू करायला ताकद नव्हती, पण त्याला फिरवायला होती.

पाण्याखाली गेलेल्या जुन्या बाभळींच्या शेंड्यांत बोट अडकली, म्हणून आम्ही दोघं राहिलो. पाऊस थांबेपर्यंत त्या बाभळीनं आम्हाला धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही एसटीनं आलात. मला वाटलं, आता ऐकवणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण तुम्ही कल्ल्याचं नावही काढलं नाही. बोटीवर चढलात, रेडिएटरचा पंखा सोडून खाली ठेवलात, दिवसभर माझ्याबरोबर उन्हात बसलात. इंजिन किती वेळ बंद असतं, किती वेळ चालतं, सगळं कागदावर लिहून घेतलंत. जाताना विचारलंत, "तुला वारा पायजे का बोट पायजे?"

"दोन्ही पायजे. आन् वारा पुरा पायजे."

"बघतो," म्हणालात.

पंधरा दिवसांनी पंखा आणलात. ट्रकचाच, जाळीचा, पण बुडापासून हिरवा रंगवलेला. मी विचारलं, "रंग कशाला?" तुम्ही म्हणालात, "पाण्यावर गंज चढतो." किंमत सांगितलीत. मी सवयीनं निम्मी मागितली. तुम्ही म्हणालात, "बरं."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. निम्म्या किमतीला एका शब्दात हो म्हणणारा माणूस काहीतरी खपवत असतो, हे मी मंडईत पहिल्या वर्षी शिकले होते. आणि पंखा सुरू केला तर काय? डोळे बारीक केले की पाती वेगळी दिसायची. वारा म्हणजे गरम दुधाच्या पेल्यावर मारलेली फुंकर. तुम्ही तो वर पत्र्याला न लावता पेटीच्या बाजूला, बरोबर माझ्या तोंडाच्या उंचीवर लावलात. म्हणालात, "वारा अंगाला लागाय पायजे, पत्र्याला न्हाई."

मीटरचा काटा जागचा जेमतेम हलला होता. पण मला तेव्हा काट्याचं काही वाटलं नाही. मला फसवलं गेलं एवढंच वाटलं.

मग नऊ वर्षं मी ते तुम्हाला ऐकवलं. मंडईत ऐकवलं, स्टेशनात ऐकवलं, ईदेला शीरखुर्मा पिता पिता ऐकवलं. "रेल्वेला पुरं पंखं आन् मला ह्यो पाळण्यावरचा?" लोक हसायचे. तुम्ही न रागावता एकच विचारायचात.

"बोट सुरू व्हतीया का?"

"व्हतीया."

"मंग?"

मला वाटायचं, म्हातारा विषय टाळतोय. मी आणखी चिडायची.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या उन्हाळ्यापासून गेणूचा दोन वाजताचा डाव फसायला लागला. तो यायचा, आभाळाला भिडलेला भाव सांगायचा, आणि मी त्या फुंकरीपुढं तोंड धरून गप्प बसायची. गप्प बसलेल्या बाईपुढं भाव आपोआप उतरतो. गेणू ह्यांना म्हणाला, "त्या पंख्यात काय हाय कुणाला ठावं, बाई शिवी बी देईना झाली." ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली असती, तर माझी तक्रार तिथंच लटकी ठरली असती. म्हणून नाही सांगितली. आज सांगते.

शेवटचं भेटलो ते तुमच्या घरी. तुम्ही खाटेवर होता, हात काड्यांसारखे झालेले, आणि डोक्यावर छताचा पंखा जोरात फिरत होता. तुमची अवस्था बघून मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी नेहमीचंच बोलले. "सोताच्या डोक्यावर पुरा वारा, आन् माझ्या डोक्यावर फुंकर." तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली. मामी पाणी घेऊन धावत आल्या. घोट घेऊन तुम्ही त्यांच्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "सांगून टाकू का हिला?" मामी म्हणाल्या, "नगं. आजारपणात भांडण नगं." मला वाटलं, दोघांचं घरातलं काही असेल.

तुम्ही गेल्यानंतर आठव्या दिवशी पंखा थांबला. काय वेळ साधली बघा. मी तो सोडून दौंडला अल्ताफकडं नेला. तुमच्या हाताखाली शिकलेला, म्हणून दुसऱ्या कुणाकडं न्यावंसं वाटलं नाही. त्यानं खोलला, म्हणाला, "मावशी, आतला कार्बनचा तुकडा झिजलाय फक्त. बाकी मोटर नव्यासारखी आहे. नऊ वर्षं? एवढी कशी काय टिकली?" मग त्यानं रॉकेलच्या फडक्यानं मोटारीवरचा हिरवा रंग पुसला. रंगाखाली काळी टेप होती. टेप काढली तर खाली पत्र्याची छोटी पट्टी. त्यानं ती वाचली आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"मावशी, हा बाराचा नाहीच. चोवीस व्होल्टचा आहे."

"म्हंजी?"

"मोठ्या ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, त्याच्यावरचा. तुमच्या बोटीला एकच. म्हणून तो निम्म्या ताकदीनं फिरत होता. करंट कितीतरी कमी घेतला असणार."

अल्ताफला कळेना मी का तांबडी-लाल झाले. गंज चढतो म्हणे. पंखा खोललेला तसाच फडक्यात गुंडाळला आणि तडक तुमच्या घरी गेले. जिवंत माणूस नाही तर नाही, भांडायला त्याचं घर तर होतं. हातात मरळ मासाही होता, सकाळीच मामींसाठी आणलेला. मामींनी दार उघडलं, मासा घेतला, आणि काही बोलायच्या आत बोटानं कल्ला उघडून बघितला. बघितल्यावर त्यांनाच कळलं आपण काय केलं ते. आम्ही दोघी तिथंच उंबऱ्यात बसलो.

मग मी फडकं सोडलं. "मामी, ह्ये बघा."

मामी पट्टीकडं बघून हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असतील. "मला ठावं हाय. माझ्याच स्वयंपाकघरात रंगवला ह्यो. टेप मीच कातरून दिली."

"मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

"म्हणले, सुमनला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी दुसरी बॅटरी आणून जोडंल, आन् पुरा वारा घील. दोन्ही बॅटऱ्या एकदम मरतील. मंग पुन्हा एकदा टक्, आन् पुन्हा बाभळ घावंलच असं न्हाई."

"मी ऐकलं असतं."

मामींनी माझ्याकडं बघितलं. "तू?"

मी विचारलं, "आन् निम्म्या किमतीला हो कसं म्हणले?"

"लई खूश हुते त्या दिवशी. म्हणले, निम्मा वारा, निम्मी किंमत. तिनं आपनहून मागितली, हलालची झाली."

मामा, नऊ वर्षं मी सगळ्या दौंडला सांगत होते की तुम्ही मला फसवलं. ते खरंच होतं. फसवलंच होतं. त्या उंबऱ्यात बसून मी सगळे शब्द आठवले. मी "पुरा वारा पायजे" म्हणाले होते, आणि तुम्ही "बघतो" म्हणाला होता. देतो म्हणाला नव्हता. पुरा वारा हे शब्द तुमच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. मी आयुष्यभर माणसांच्या शब्दाला धरून भाव तोडले, आणि तुमचा एक शब्द मला धरता आला नाही.

मग मी पुन्हा अल्ताफकडं गेले. त्यानं नवा कार्बन घातला. म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हणाल तर बोटीवर दुसरी बॅटरी लावून देतो. आधी इथं दाखवतो." त्यानं दोन बॅटऱ्या जोडून पंखा लावला. काय वारा, मामा. त्याची बिलं टेबलावरून उडाली, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, माझा पदर खांद्यावरून सरकला. मी डोळे मिटून त्या वाऱ्यात बसले. नऊ वर्षं मागितलेला वारा होता. घाई केली नाही.

मग म्हणाले, "मीटर लाव."

काटा वर गेला. मी तो नीट बघितला. म्हणाले, "आता एका बॅटरीवर लाव." काटा खाली आला, जागेवरून जेमतेम हललेला, आणि ती फुंकर तोंडावर आली. मला ओळखीची वाटली.

"एकावरच राहू दे," मी म्हणाले.

"अहो पण मावशी, एवढा वारा..."

"राहू दे म्हणलं ना."

कार्बनच्या भावात मात्र मी त्याला सोडलं नाही. तुम्ही असता तर बाकावर बसून मजा बघितली असतीत. शेवटी त्यानं विचारलं, "पट्टी साफ करून तशीच ठेवू? पुढं कुणी खोललं तर वाचता येईल."

"नको. टेप लाव आणि वरून हिरवा रंग दे."

"का?"

का ते त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मी कायमची शहाणी झालेली नाही. आज डोकं थंड आहे, तुमच्या आठवणीनं मऊ झालंय. पण पुढच्या वैशाखात पत्रा तापेल, गेणू दोन वाजता येईल, आणि ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर असेल तर माझा भरवसा नाही. तुम्ही माझ्यापासून जे झाकलं होतं, ते आता मीच माझ्यापासून झाकून ठेवलंय. हिरवा रंग तोच मिळाला नाही, जरा गडद आहे.

काल पंखा जागेवर लावला. पेटीच्या बाजूला, तोंडाच्या उंचीवर. दहा ते तीन बोट उभी होती. गेणू दोनलाच आला, आता हात थरथरतात त्याचे, पण भाव तसाच आभाळातला. मी फुंकरीपुढं बसून त्याच्याकडं बघत राहिले. तो म्हणाला, "लागला वाटतं पुन्हा पंखा," आणि आपणच भाव उतरवला. तीनला नगरच्या अंगाला थोडं आभाळ आलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी चावी फिरवली.

नऊ वर्षं तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि मी दर वेळी चिडून उत्तर दिलं. आता कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते. बोट सुरू होते, मामा. पहिल्याच चावीला.